टेंभुर्णीची गाडी आणि उंच झालेली जिप्सी

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, एक बुद्रुक आणि दुसरे खुर्द. त्यांपैकी एका गावात माझ्या मावसभावाची शेती आहे. गेल्या दिवाळीत तिथे गेलो, तेव्हा अंगणात एक जुनी जिप्सी उभी होती. गाडी ओळखीचीच होती, पण काहीतरी बदलले होते. पूर्वी सहज आत बसता येई. या वेळी दाराची कड माझ्या कमरेपाशी आली. पुतण्याने ती इंदापूरजवळच्या एका गॅरेजातून 'उचलून' आणली होती. या गाडीचे पाटे मुळात आसाखाली असतात. ते काढून आसाच्या वर बसवले की आसाची जाडी आणि पाट्यांची जाडी मिळून सारी बॉडी चार-पाच इंच वर जाते. नवीन पाटे लागत नाहीत, खर्च थोडा, काम दोन दिवसांचे.

"काका, आता कुठंबी घाला, अडत नाय," पुतण्या म्हणाला. त्यात खोटे काही नव्हते. नीरा डाव्या कालव्याच्या चाऱ्या, पावसात लोण्यासारखी होणारी काळी माती, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या हातभर खोल चाकोऱ्या हे सारे ज्याने पाहिले आहे, त्याला गाडीचे पोट जमिनीपासून उंच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. दादांना मात्र चैन नव्हते. मार्गशीर्षात मुलीचे लग्न होते, वऱ्हाडातली काही मंडळी याच गाडीतून न्यायची होती. त्यांनी मला विचारले, "तू शास्त्रज्ञ ना? सांग, ही गाडी उलटंल का?"

याचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. ते शोधताना जे हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवावेसे वाटते, कारण चाकांची उंची आणि रुंदी यांचा हा झगडा फार जुना आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग तर वरकुट्याच्या शेजारीच घडला.

१८३५ च्या सुमारास इंग्रज सरकारने दख्खनमधल्या जमिनीच्या मोजणीची नवी पद्धत सुरू केली ती इंदापूर तालुक्यापासून. प्रिंगल यांनी आधी केलेली साऱ्याची आकारणी फसली होती. ती सुधारण्याचे काम गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांकडे आले. गावोगाव हिंडताना त्यांना दिसले की पिकले तरी ते बाजारात न्यायला धड वाहन नाही. माल बहुतेक बैलांच्या पाठीवरून जाई. ज्या थोड्या गाड्या होत्या, त्यांची चाके भरीव असत, लाकडाची किंवा चक्क दगडाची. अशी गाडी ओढण्यातच बैलांची निम्मी ताकद जाई. मोजणीखात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी मग भीमेपलीकडे टेंभुर्णी येथे गाड्या बनवण्याचा कारखाना काढला आणि आऱ्यांच्या चाकांची, हलकी, शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी तयार केली. पुढे हाच घाट दख्खनभर पसरला. आपण जिला 'आपली पारंपरिक बैलगाडी' म्हणतो, तिच्या वंशावळीत मोजणीखात्यातला एक लष्करी अधिकारी आहे, हे मुलांना सांगितले तर त्यांना गंमत वाटेल.

आऱ्यांचे मोठे चाक खड्डा सहज ओलांडते. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे त्याच्या दोन्ही काठांवर टेकून पुढे जाते. पण चाक मोठे केले की आस वर जाते, आसावरची साटी वर जाते आणि साटीवरचे कडब्याचे किंवा उसाचे ओझे त्याहून वर जाते. म्हणजे खड्ड्यातून सुटका हवी तर उंची घ्या आणि उंची घेतली की तोलाची किंमत मोजा. गाडीवानाला हे पुस्तकाशिवाय कळत असे. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलळते, पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो, आणि उंच भरली तर बांधावरून उतरताना कलंडते. उसाच्या पट्ट्यात नंतर रबरी टायरच्या गाड्या आल्या. त्यांची चाके लहान, साटी ठेंगणी. पण ऊस भरताना उंचीला कोणी मर्यादा घालत नाही, त्यामुळे मिळवलेले स्थैर्य मोळ्यांच्या वरच्या दोन थरांत संपून जाते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचेही तेच. बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात कलंडलेली ट्रॉली ज्याने पाहिली नाही असा माणूस विरळा.

या गोष्टीचे गणित सोपे आहे आणि ते नववी-दहावीच्या वर्गात करून पाहता येते. सहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असा लाकडी ठोकळा घ्या. तो घसरू नये म्हणून फळीवर पॉलिश पेपर चिकटवा. ठोकळा उभा ठेवून फळी हळूहळू तिरपी करा आणि कोनमापकाने कोन मोजा. ३१ अंशांच्या आसपास ठोकळा पडेल. का? त्याचा गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर उंचीवर आहे आणि पायाची निम्मी रुंदी तीन सेंटिमीटर. तीन भागिले पाच म्हणजे ०.६, आणि ३१ अंशांची टॅन्जंट जवळजवळ ०.६ च असते. तोच ठोकळा आडवा ठेवला तर पाच भागिले तीन, म्हणजे सुमारे १.६७, आता तो ५९ अंशांपर्यंत तग धरतो. (त्याआधी तो घसरू लागेल हे बहुधा दिसेलच. त्याकडे दुर्लक्ष करू नका, पुढे त्याचे काम आहे.) गाडीसाठीही हेच गुणोत्तर. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. याला आपण स्थैर्यांक म्हणू. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारे बल तिच्या वजनाच्या जितक्या पट झाले की ती कलंडू लागेल, तो आकडाही हाच असतो.

आता जीपकडे येऊ. अमेरिकी सैन्याला हलके, कुठेही जाणारे वाहन हवे होते. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट यांनी आखलेला पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या ताब्यात दिला गेला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चाकांमधले अंतर ४९ इंच, म्हणजे सव्वा मीटरहून थोडे कमी. अरुंद गाडी झाडांमधून जाते, विमानात मावते, आणि लष्कराला तेच हवे होते. युद्धानंतर लिलावातल्या, आपल्याकडे 'डिस्पोजलच्या' म्हणून ओळखल्या गेलेल्या जीप भारतात सर्वत्र आल्या आणि स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. रणांगणासाठी ठरवलेली रुंदी अशा रीतीने साखर कारखान्याच्या आवारापर्यंत पोचली.

अमेरिकी सैन्याने १९६० च्या सुमारास एम-१५१ नावाची जीपची पुढची आवृत्ती वापरात आणली. तिला मागच्या चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन होते. खडबडीत जमिनीवर ती आधीच्या जीपपेक्षा आरामशीर चाले. पण जोराच्या वळणावर मागची चाके आत दुमडल्यासारखी होत आणि गाडी उलटे. सराव झालेले जवानही त्यात दगावले. शेवटी मागचे सस्पेन्शन बदलून १९७० मध्ये नवी आवृत्ती आणावी लागली आणि निकामी झालेल्या गाड्या लोकांना विकण्याऐवजी कापून भंगारात काढल्या गेल्या. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी: गाडीची उंची फारशी बदलली नव्हती, बदलली होती ती चाके टेकण्याची पद्धत. सस्पेन्शन हा नुसता आरामाचा भाग नाही. वळणावर चाक जमिनीला कसे टेकते हे तोच ठरवतो.

नागरी जीपवरून डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर मोठा गदारोळ झाला. सीजे-५ ही आखूड, उंच जीप वळणावर कशी उलटते याच्या चाचण्या लोकांनी घरबसल्या पाहिल्या. १९८६ मध्ये टिमथी विर्थ या लोकप्रतिनिधीने सरकारकडे मागणी केली की स्थैर्यांक १.२ पेक्षा कमी असणाऱ्या गाडीला परवानगीच देऊ नये. ती फेटाळली गेली. गाडी उलटणे हे चालक, रस्ता, वेग अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते, एका भागाकारावर नव्हे, असा साधारण युक्तिवाद होता. तो अगदीच चुकीचा नव्हता, पण सोयीचा मात्र होता. त्याच सुमारास कंपनीने सीजे मालिका थांबवली आणि तिच्या जागी जी रँग्लर आली ती आधीपेक्षा रुंद व ठेंगणी होती. नियम झाला नाही, पण आखणाऱ्यांनी भागाकार केला होता असे म्हणायला हरकत नाही.

१९८८ मध्ये पाळी आली सुझुकी सामुराईची. ग्राहकांच्या एका नामांकित मासिकाने ती चाचणीत कलंडते म्हणून 'अस्वीकारार्ह' ठरवली. चाचणीच जाणूनबुजून तशी घेतली, असा कंपनीचा आरोप होता. १९९६ मध्ये तिने दावा लावला आणि २००४ मध्ये तडजोड झाली. कोण किती खरे, या वादात मी पडत नाही. आपल्याला या गाडीशी कर्तव्य एवढ्यासाठी की आपली जिप्सी ही तिचीच लांब बहीण. मारुतीने १९८५ च्या अखेरीस ती आणली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांमधले अंतर १२१० मिलिमीटर होते आणि मागच्या चाकांमधले १२२०. जुलै १९९३ मध्ये ते ९ सेंटिमीटरने वाढवून अनुक्रमे १३०० आणि १३१० केले. चाकांवरचे बाहेर आलेले पंखे ही या रुंद गाडीची खूण. अमेरिकेत वादात सापडलेली सामुराई याच रुंद मापाची होती, म्हणजे १९९३ पूर्वीची आपली जिप्सी तिच्याहूनही अरुंद होती.

दादांची गाडी रुंद प्रकारची. मी अंगणातच कागद घेऊन बसलो. गुरुत्वमध्याची नेमकी उंची मोजायची साधने जवळ नव्हती. म्हणून हिशेबापुरती ती ६०० मिलिमीटर धरली. जुन्या अरुंद गाडीचा स्थैर्यांक १२१५ भागिले १२००, म्हणजे सुमारे १.०१. रुंद गाडीचा १३०५ भागिले १२००, सुमारे १.०९. आता गॅरेजवाल्याची करामत. बॉडी, इंजिन आणि माणसे पाच इंच, म्हणजे सव्वाशे मिलिमीटर वर गेली. चाके आणि आस जागच्या जागीच राहिले, म्हणून साऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य त्याहून कमी, सुमारे १०० मिलिमीटर वर गेला असे धरू. १३०५ भागिले १४०० म्हणजे ०.९३. कंपनीने नऊ सेंटिमीटर रुंदी वाढवून जे कमावले होते, ते गॅरेजने दोन दिवसांत घालवले आणि वर तेवढेच आणखी घालवले. टपावर कॅरिअर आणि त्यावर सामान हा हिशेब अजून धरलेलाच नाही.

पुतण्या हुशार आहे. त्याने विचारले, "मग वेगात किती फरक पडला?" तीस मीटर त्रिज्येच्या वळणासाठी हिशेब केला. मूळ गाडी कलंडण्याचा वेग ताशी ६४ किलोमीटर, उचललेल्या गाडीचा ६० च्या जवळपास. "चारच किलोमीटर?" तो हसला. मलाही क्षणभर उत्तर सुचले नाही.

उत्तर त्या घसरणाऱ्या ठोकळ्यात आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षण गुणांक साधारण ०.७ ते ०.९ असतो. वळणावरचे बल यापुढे गेले की टायर घसरतो. गाडी बाहेर सरकते, वेग कमी होतो, चालक घाबरतो, पण गाडी चाकांवरच राहते. स्थैर्यांक याच्या वर असेल तर गाडी आधी घसरते. खाली असेल तर आधी उलटते. आणि कागदावरचा आकडा प्रत्यक्षात पुरता मिळत नाही. वळणावर बॉडी बाहेर झुकते, टायर दबतात, गुरुत्वमध्य बाहेरच्या चाकाकडे सरकतो. त्यामुळे दहा-पंधरा टक्के वजा धरावे लागतात. मूळ गाडीचे १.०९ असे उतरून ०.९५ च्या आसपास येतात, म्हणजे ती बहुधा घसरेल. उचललेल्या गाडीचे ०.९३ उतरून ०.८ वर येतात. चांगल्या रस्त्यावर ती घसरण्याआधीच आतली चाके उचलेल. फरक चार किलोमीटरचा नाही; चूक झाल्यावर काय होते, याचा आहे.

शिवाय बहुतेक गाड्या मोकळ्या डांबरावर उलटतच नाहीत. त्या बाजूने सरकत जाऊन कशाला तरी अडखळतात: डांबराच्या कडेची पायरी, साईडपट्टीची भुसभुशीत माती, दुभाजकाचा दगड, चारीची कड. बैलाला चुकवायला स्टिअरिंग झटक्यात फिरवले, एक चाक साईडपट्टीवर उतरले, ते वर घ्यायला उलट झटका दिला, हे चित्र इंदापूरच्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही. चाक मातीत रुतले की घर्षण गुणांकाचा प्रश्नच मिटतो आणि उरतो तो फक्त उंची-रुंदीचा भागाकार. अमेरिकेतल्या आकडेवारीत शंभर अपघातांत गाडी उलटण्याचे दोन-तीनच असतात, पण गाड्यांमधल्या माणसांच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांत होतात. पट्टा न लावलेला माणूस बाहेर फेकला जातो आणि गाडी त्याच्यावर येते. जिप्सीच्या मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्या वऱ्हाडाने पट्टे लावल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

२००० साली फोर्ड एक्सप्लोरर आणि फायरस्टोन टायरचे प्रकरण झाले. धावत्या गाडीच्या टायरची वरची पट्टी सुटे आणि ही उंच गाडी उलटे. अडीचशेहून अधिक माणसे गेली, ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यानंतर २००१ च्या मॉडेलपासून अमेरिकी सरकार प्रत्येक गाडीचा स्थैर्यांक मोजून जाहीर करू लागले. साध्या मोटारींचा तो १.३ ते १.५ भरतो, उंच गाड्यांचा १.० ते १.३. विर्थ यांनी मागितलेली सक्ती झाली नाही, पण आकडा निदान लोकांपुढे आला. नव्या गाड्यांत चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही असते, पण तिचे सारे हिशेब मूळ उंचीवर बसवलेले असतात. गाडी उचलली की यंत्रणेला ते कळत नाही. दादांच्या गाडीत ती नव्हतीच, हा भाग निराळा.

एवढे झाल्यावर आम्ही गाडीखाली शिरलो. खरे सांगायचे तर गणितापेक्षा तिथे दिसलेल्या गोष्टींनी मला जास्त काळजीत टाकले. स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा मूळ गाडीत जवळजवळ आडवा असतो. तो आता चांगलाच तिरपा झाला होता. पाटा दबला की असा दांडा चाकाला स्वतःच वळवतो, म्हणजे खड्ड्यात चाक गेले की गाडी चालकाला न विचारता बाजूला जाते. जॉइंट शाफ्टचा कोन वाढला होता. या प्रकारच्या सांध्याला हूकचा सांधा म्हणतात, स्प्रिंगचा नियम सांगणारे तेच रॉबर्ट हूक. सांध्याची दोन्ही टोके सरळ रेषेत असतील तर फिरणे एकसारखे राहते. कोन वाढत गेला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो, शाफ्ट थरथरतो आणि सांधा झिजतो. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या गेल्या होत्या. पाटे आसाच्या वर आल्याने ब्रेक लावताना आस पिळला जाऊन पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, तेही दिसत होते. टायर मोठे घातले होते. ब्रेकची पकड तीच, पण त्रिज्या दहा टक्के वाढली की जमिनीवर मिळणारे थांबवणारे बल जवळजवळ तेवढेच घटते. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, हे आणखी. दिवे वर गेल्याने समोरच्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांवर झोत आणि बंपर त्याच्या छातीच्या उंचीला. शेवटची ही गोष्ट गाडीच्या मालकाच्या हिशेबात कधीच येत नाही.

कायद्याचे विचाराल तर मोटार वाहन कायदा, १९८८ मधले ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातली माहिती उत्पादकाने ठरवलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. पुतण्याला हे ठाऊक होते. "पण अडवतंय कोण?" असे त्याचे म्हणणे, आणि त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

फिटरला बोलावले. माणूस कसबी होता, वेल्डिंग सुबक होते. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्याला कोणी कधी गुरुत्वमध्य दाखवलाच नव्हता. चहा होईपर्यंत मी फळी आणि ठोकळ्याचा प्रयोग ओट्यावर करून दाखवला. त्याने तो स्वतः दोनदा केला, ठोकळ्यावर काडेपेटी ठेवून तिसऱ्यांदा केला, आणि म्हणाला, "म्हणजे ट्रॉली बी अशीच जाती." मग त्याने जी अडचण सांगितली ती भौतिकशास्त्राची नव्हती. पाटे पुन्हा आसाखाली घेता येतील, पण मूळ मापाचे यू-बोल्ट आणि टायर त्याने भंगारात दिले होते.

दादांनी किल्ली आपल्याकडे घेतली. वऱ्हाड एसटीने आणि भाड्याच्या दोन गाड्यांनी गेले. पुतण्या आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. मग जानेवारीत एके दिवशी त्याचा फोन आला: पुण्यातल्या जुन्या बाजारात यू-बोल्टचा जोड मिळतोय, दुकानदार जाडी अमुक सांगतोय, ती बरोबर आहे का? मी म्हटले, फिटरला विचार, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते.